भूतदया आणि तुपाची वाटी

भूतदयेवाचून भक्ती पुरी होत नाही, हा सिद्धांत वारकऱ्यास नव्याने सांगण्याची गरज नाही. माळ घातलेल्या लहान पोरालाही तो ठाऊक असतो. विचार करावयाचा तो निराळ्याच गोष्टीचा. ही दया कोठे पुरी होते? दारात आलेल्या कुत्र्यापुढे चतकोर भाकरी टाकली की ती पुरी झाली, की तेथे तिची नुसती सुरुवात झाली? प्रश्न वरवर लहान दिसतो. परंतु पिसाळलेल्या कुत्र्याच्या दातापायी एखाद्या घरचे लेकरू जाते, तेव्हा याच प्रश्नाच्या उत्तरावर एक प्राण अवलंबून होता, हे ध्यानात येते. म्हणून आज आम्ही तो वाचकांपुढे घेत आहोत.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर काय आणि घाटाखाली काय, कीर्तन आटोपून माणसे पारावर टेकली म्हणजे या विषयावर दोन तऱ्हेचे बोलणे ऐकू येते. एक म्हणतो, "बुवा, कुत्र्यात बी देवच हाये न? मंग त्याले धरा, त्याले सुई टोचा, हे कायले? ज्याचं भरलं तो जाईन." दुसरा म्हणतो, "ते राहू द्या महाराज. लेकराले चावलं म्हंजे समजते. सगळ्याइले जहर घाला, गाव मोकळं होईन." पहिला स्वतःस दयाळू समजतो, दुसरा स्वतःस व्यवहारी समजतो. आमच्या मते दोघेही अर्ध्या वाटेवर थांबले आहेत. आणि पुढची वाट नामदेवरायांनी फार पूर्वीच दाखवून ठेवली आहे.

ती कथा कोणास ठाऊक नाही? कुत्र्याने भाकरी तोंडात धरली आणि पळाले. नामदेवराय तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. कोरडी भाकरी देवाच्या घशाखाली कशी उतरेल, ही त्यांची तळमळ. आम्ही ही कथा पुष्कळदा ऐकतो, डोळे पुसतो आणि घरी जातो. पण तिच्यातला मुद्दा कोणता? भाकरी तर कुत्र्याने आधीच नेली होती. देण्याचे काम एका अर्थी झालेच होते. नामदेवराय धावले ते उरलेल्या अर्ध्यासाठी. त्या जीवास नेमके काय हवे आहे आणि आपल्या देण्यात काय कमी पडले, हे पाहून ते पुरे करण्यासाठी उठून धावणे, ही त्यांची दया. नाथांनीही रामेश्वरास निघालेली गंगेची कावड वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवास पाजली. कारण त्या घटकेस त्याला हवे होते ते पाणीच. संतांची दया अशी डोळस आहे. ती आपल्या मनाच्या समाधानाकडे पाहत नाही, समोरच्या जीवाच्या गरजेकडे पाहते.

आता आपल्या गावच्या कुत्र्याची गरज कोणती, ते पाहू. त्याला अन्न लागते, हे खरे. ते त्याला कोठून मिळते? लग्नाच्या पंगतीतून, सप्ताहाच्या महाप्रसादातून, मंदिरामागे टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींतून. याच जिल्ह्यात शेगावी २३ फेब्रुवारी १८७८ रोजी श्रीगजानन महाराज लोकांच्या दृष्टीस पडले, ते अशाच टाकलेल्या पत्रावळींवरील भाताची शिते वेचून खाताना. तेव्हा जेथे उष्टे पडते तेथे देव येऊन बसू शकतो, हे आम्हां बुलढाणेकरांस दुसऱ्या कोणी शिकवायला नको. परंतु उष्ट्यावर जगणारी कुत्री टोळीने वाढतात, एकमेकांस चावतात. आणि त्यांतील एकास जरी पिसाळीचा रोग असला, तरी तो लाळेवाटे साऱ्या टोळीत, टोळीतून गोठ्यात आणि गोठ्यातून घरात येतो. त्या मुक्या जीवास भाकरीइतकेच या रोगापासून रक्षण हवे आहे. ते देणारी लस आज आहे. वर्षातून एकदा टोचली म्हणजे पुरते. आमचे म्हणणे इतकेच, की जो भाकरी टाकतो आणि लशीचा विचार करीत नाही, त्याने कोरडी भाकरी टाकली. तुपाची वाटी त्याच्या चुलीपाशीच राहिली.

हा रोग काय आहे, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. कारण अज्ञानावर उभी राहिलेली दया घात करते. रेबीज हा एका सूक्ष्म विषाणूचा रोग. तो दंशातून किंवा जखमेला लागलेल्या लाळेतून शरीरात शिरतो आणि मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे चढू लागतो. ही वाट चालण्यास त्याला बहुधा काही आठवडे ते दोन-तीन महिने लागतात. क्वचित वर्षही लागते. या अवधीत रोग्यास काहीच होत नाही. जखम भरून येते, मनुष्य कामाला लागतो, दंश विसरून जातो. आणि मग एके दिवशी त्याला पाणी पिववत नाही. तहानेने जीव कासावीस होतो, पण पाण्याचा पेला ओठांशी नेला की घसा आवळून येतो. वाऱ्याची झुळूकही सोसवत नाही. मधून मधून शुद्ध पुरती असते, आपले काय होत आहे हे त्याला कळत असते. चंद्रभागेच्या काठी वाढलेल्या आपल्या पंथात, ज्याला तीर्थाची एक पळीही घशाखाली नेता येत नाही, त्याच्यासारखे मरण दुसरे कोणते? एकदा ही लक्षणे दिसली की उपाय राहत नाही. वाचलेली माणसे साऱ्या जगात बोटांवर मोजण्याइतकी. आपल्या सुश्रुताचार्यांनीही कल्पस्थानात हेच लिहून ठेवले आहे, की दंश झालेला मनुष्य पाण्यास भिऊ लागला की ते मरणाचे चिन्ह समजावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरसाल सुमारे ५९ हजार माणसे या रोगाने जातात. १०० पैकी ९९ जणांना तो कुत्र्यापासून होतो, आणि मरणारांत १०० पैकी सुमारे ४० जण १५ वर्षांच्या आतली मुले असतात. आपल्या देशात २०२२-२३ साली झालेल्या पाहणीवरून दरसाल सुमारे ५ हजार ७०० मृत्यूंचा अंदाज निघाला. त्यापूर्वीचे अंदाज याहून पुष्कळ मोठे होते. आकडा कोणताही धरा. त्यांतला जवळजवळ प्रत्येक मृत्यू टाळता येण्यासारखा होता, हे सर्वांत मोठे दुःख.

येथे काही शंका येतात. त्या एकेक घेऊ.

पहिली शंका भाविकांची. "आयुष्याची दोरी पांडुरंगाच्या हाती आहे. चावले तर चावले, त्याच्या इच्छेने व्हायचे ते होईल. लस घेणे म्हणजे त्याच्यावरचा विश्वास ढळणे नव्हे काय?" आम्ही उलट विचारतो: दंश आणि लक्षणे यांच्या मध्ये हा जो काही आठवड्यांचा अवधी आहे, तो कोणी दिला? साप चावला तर घटका मोजाव्या लागतात. येथे देवाने सवड दिली आहे, आणि माणसाच्या बुद्धीला त्या सवडीत करण्याजोगा उपायही सुचवला आहे. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांच्यासमोर जोसेफ माइस्टर नावाचा नऊ वर्षांचा मुलगा आणला गेला. दोन दिवसांपूर्वी पिसाळलेल्या कुत्र्याने त्याचे लचके तोडले होते. पाश्चर हे वैद्य नव्हते, रसायनशास्त्रज्ञ होते. लस माणसावर पुरती पारखलेली नव्हती. द्यावी तर जोखीम, न द्यावी तर मृत्यू ठरलेला. डॉक्टरांच्या सल्ल्याने लस टोचली गेली आणि पोर वाचले. आज आपल्यापुढे तशी जोखीमही नाही. लस पारखलेली आहे, सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते. समोर आलेला हात धरायचा नाही आणि बुडताना देवाचा धावा करायचा, याला आम्ही शरणागती म्हणत नाही. वारीला निघालेला मनुष्य पांडुरंगावर भार घालतो, तरी पाय त्याला स्वतःचेच उचलावे लागतात.

दुसरी शंका जुन्या उपायांची. "आमच्याकडे जाणता आहे, तो मंत्र टाकतो, माणसे बरी होतात." बरी होतात ती कोणती? चावणारे प्रत्येक कुत्रे पिसाळलेले नसते. निरोगी कुत्रे चावलेला मनुष्य मंत्र न घालताही जगणारच. आणि त्याचे यश जाणत्याच्या पदरी पडते. ज्याला खऱ्या पिसाळलेल्या कुत्र्याचा दात लागला, तो दोन महिन्यांनी जातो. तेव्हा लोक म्हणतात, त्याचे भरलेच होते. अशा रीतीने मंत्राचे अपयश कधी मोजलेच जात नाही. आमचा कोणाच्या श्रद्धेशी तंटा नाही. परंतु जखमेत मिरचीची पूड, चुना, हळद, तेल भरणे, डाग देणे, या गोष्टी घातक आहेत आणि त्यांपायी मोलाचा वेळ जातो. खरा पहिला उपाय कोणाही गरिबाच्या घरी आहे: साबण आणि वाहते पाणी. जखम १५ मिनिटे भरपूर धुवावी. मग विनाविलंब दवाखाना गाठावा. जखम लगेच शिवून घेऊ नये. रक्त आले असेल, तर लशीबरोबर जखमेतच टोचावयाचे प्रतिविष मिळते, ते मागून घ्यावे.

आणि ती पोटातली चौदा इंजेक्शने? त्यांच्या धाकाने आजही कित्येक म्हातारी माणसे दवाखान्याचे नाव काढू देत नाहीत. मेंढीच्या मेंदूपासून केलेल्या त्या जुन्या लशीचे उत्पादन आपल्या देशात २००४ च्या अखेरीस बंद झाले. आता लस दंडावर देतात, आणि पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी, अशा चारच खेपा बहुतेक सरकारी दवाखान्यांत घालाव्या लागतात. काही ठिकाणी पद्धत निराळी असते, ती डॉक्टर सांगतील तशी पाळावी. एकही खेप चुकवू नये. एकादशी चुकू न देणाऱ्या माणसास चार तारखा सांभाळणे जड जाऊ नये.

तिसरी शंका व्यवहारी माणसाची. "मग सगळी कुत्री मारूनच का टाकू नयेत?" हा वाद जुना आहे. मुंबईत १८३२ साली सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम काढला, तेव्हा पारशी मंडळींनी त्याविरुद्ध दंगा केला. अहमदाबादेस १९२६ साली अंबालाल साराभाई यांच्या गिरणीच्या आवारातली सुमारे ६० कुत्री पिसाळीच्या भयाने मारली गेली. महात्मा गांधींनी त्या कृत्यास दोष दिला नाही, आणि देशभरातून त्यांच्यावर पत्रांचा भडिमार झाला. अहिंसेचा एवढा कैवारी असे कसे बोलतो, असे लोकांना वाटले. गांधीजींच्या म्हणण्याचा आशय असा होता, की मारणे हे पापच. पण माणसे मरू देणे हे त्याहून मोठे पाप. आणि खरा दोष कोणाचा? कुत्र्यास बेवारस वाढू देणाऱ्या आणि तुकडे फेकून पुण्य पदरात पाडू पाहणाऱ्या समाजाचा. ज्याला दया करायची त्याने कुत्र्याचा पुरता भार उचलावा.

या विचारातला दुसरा भाग आम्हांस आजही शिरोधार्य वाटतो. पहिल्या भागाबाबत मात्र काळ बदलला आहे. त्या वेळी गावेच्या गावे कुत्र्यांना लस टोचून निर्धोक करण्याची सोय आपल्या देशात नव्हती. मारावे की माणसे मरू द्यावीत, एवढ्या दोनच वाटा दिसत होत्या. आज तिसरी वाट आहे, आणि ती पहिलीहून गुणकारी आहे. कुत्री मारली की मोकळ्या झालेल्या उकिरड्यावर शेजारची कुत्री येतात. ती लस न घेतलेली असतात. म्हणून मारण्याने रोग हटल्याचा दाखला नाही. उलट, गावातील १०० पैकी ७० कुत्र्यांना लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते, असे शास्त्रज्ञ सांगतात. लस घेतलेले कुत्रे हे गावाभोवतीचे कुंपण होय. विष घालणारा स्वतःच ते कुंपण उपटतो, आणि कायद्यानेही गुन्हेगार ठरतो.

हे खरोखर साधते काय, असे कोणी विचारील. आपल्या शेजारच्या गोव्याने ते करून दाखवले. तेथे सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी मिळून गावोगाव फिरून, जाळ्याने कुत्री धरून, वर्षानुवर्षे लस टोचली. शाळेतल्या मुलांना शिकवले. २०१८ पासून पुढे काही वर्षे तेथे या रोगाने माणूस दगावल्याची नोंद झाली नाही, आणि २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. मारून नव्हे, राखून.

चौथी शंका सर्वांत कठीण. "जे कुत्रे पिसाळलेच, त्याच्याशी दया कशी करावी?" प्रथम हे समजले पाहिजे, की ते कुत्रे दुष्ट झालेले नाही. ते रोगी आहे. त्याचा दात त्याच्या स्वाधीन राहिलेला नाही. म्हणून दगड-काठ्यांनी ठेचून मारण्यात सूड आहे, धर्म नाही. त्यात मारणाराच चावला जाण्याचे भयही आहे. पण जवळ जाऊन पाणी पाजणे हीही दया नव्हे. या रोगाचे एक मुके रूप असते. कुत्रे अंगावर येत नाही. अंधाऱ्या कोपऱ्यात बसते, जबडा लोंबतो, लाळ गळते. कनवाळू मनुष्य नेमका अशा वेळी हात पुढे करतो. गाय-म्हैस पिसाळली की आवाज घोगरा होतो, लाळ गळते, गिळता येत नाही. घशात काही अडकले असे समजून शेतकरी तोंडात हात घालतो, आणि ती लाळ त्याच्या हातावरच्या ओरखड्यात जाते. अशा जनावरास दुरून बंदिस्त करावे, पशुवैद्यास बोलवावे. २०२३ च्या नियमांतही अशा कुत्र्यास वेगळे ठेवण्यास सांगितले आहे. बहुधा दहा दिवसांच्या आत ते आपोआप प्राण सोडते. तेवढे दिवस त्याला उन्हातान्हातून आणि दगडांतून वाचवणे, एवढीच दया आता उरलेली असते. दया कोठे जवळ जाते आणि कोठे अंतर राखते, हे ओळखणे याचेच नाव विवेक. रोगी जनावराचे दूध वापरू नये. चुकून वापरले गेले असेल तर घाबरून जाऊ नये, डॉक्टरांस विचारावे. उकळलेल्या दुधातून हा रोग होत नाही.

चावलेले कुत्रे घरचे असेल, तर त्याच्यावर दहा दिवस नजर ठेवावी. दहा दिवस ते धडधाकट राहिले तर चावतेवेळी त्याच्या लाळेत रोग नव्हता, असे समजते. मात्र तोवर वाट पाहत बसू नये. लस त्याच दिवशी सुरू करावी. मांजर, माकड, मुंगूस, कोल्हा, यांचा दंश झाला तरी हेच. ज्ञानगंगा अभयारण्याच्या बाजूची, अंबाबरव्याकडची मंडळी रात्री जागलीला शेतात निजतात, त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

लेकरांविषयी एक शब्द. कुत्र्याच्या खोड्या काढताना चावा बसला, तर मार मिळेल म्हणून पोर ते लपवते. नखभर ओरखडा असतो, आईच्या दृष्टीस पडत नाही. ज्या घरात चूक सांगता येत नाही, त्या घरात हा रोग गुपचूप शिरतो. भूतदयेतले 'भूत' म्हणजे आपले पोरही आहे. त्याच्याशी असे वागावे की चावल्याबरोबर ते रडत आपल्याकडेच येईल.

आता करावयाचे काय? गावोगाव सप्ताह होतात. सात दिवस विणा खाली ठेवला जात नाही, पहारे लागतात, गाव एका ठिकाणी येते. यांतला एक दिवस ग्रामपंचायतीने आणि पशुवैद्यकीय दवाखान्याने मिळून कुत्र्यांच्या लशीसाठी ठरवावा. दारचे कुत्रे ज्याच्या हातून भाकरी खाते, त्यालाच ते धरता येते. पकडणाऱ्या गाडीस जे जमत नाही ते भाकरी टाकणाऱ्या म्हातारीस जमते. काल्याच्या महाप्रसादानंतर पत्रावळी उघड्यावर न टाकता खड्ड्यात पुराव्यात, आणि कुत्र्यांचा वाटा शाळेपासून, रस्त्यापासून दूर एका ठरल्या जागी घालावा. सर्वोच्च न्यायालयानेही २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात अन्न घालण्याच्या जागा ठरवून देण्यास सांगितले आहे. दिंडीबरोबर पुष्कळदा एखादे कुत्रे चालू लागते आणि मुक्कामामागून मुक्काम करीत राहते. त्याला हाकलू नये. पण ज्या फडाने त्याला जवळ केले त्याने वाटेतल्या पशुवैद्याकडून त्याला लस टोचून घ्यावी. दिंडीच्या सामानात साबणाच्या चार वड्या जादा असाव्यात. शेगावची पालखी परतताना लोणार, मेहकर, खामगाव अशी येते, हजारो माणसे सोबत चालतात. त्या वाटेवरच्या कीर्तनकारांनी निरूपणात या विषयाला पाच मिनिटे द्यावीत. नामदेवरायांची कथा ते सांगतातच. ती सांगून झाल्यावर श्रोत्यांस एवढेच विचारावे: "तुमच्या दारच्या कुत्र्याला लस झाली का, माउली?"

रामकृष्णहरी.